मृदू व्यंजनांचे गाव



नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर, स्कागेराक या समुद्राला लागून, ग्रिमस्टाड नावाचे एक लहानसे बंदर आहे. ऑस्लोमधील एका परिषदेनंतर माझ्या हाती दोन दिवस मोकळे होते, ते मी या गावासाठी राखून ठेवले. ऑस्लोहून बसने साधारण चार तास लागतात. येथे येणारे अनेक प्रवासी हेन्रिक इब्सेन या नाटककाराच्या खुणा पाहण्यासाठी येतात. मला त्या पाहायच्या होत्याच. परंतु त्याआधी या किनाऱ्यावरची माणसे कशी बोलतात, ते ऐकायचे होते.

गावाला 1816 साली व्यापारी नगराचा दर्जा मिळाला. एकोणिसाव्या शतकात येथे शिडाची जहाजे बांधली जात आणि येथील खलाशी ती दूरदूर नेत. त्या काळाची ओळख आजही पुसलेली नाही. पांढऱ्या रंगाची लाकडी घरे एकमेकांना खेटून उभी आहेत, गल्ल्या अरुंद व वळणावळणाच्या आहेत आणि प्रत्येक उतार अखेरीस पाण्याकडेच जातो. समोर खडकाळ बेटांची रांग असल्यामुळे बंदरातले पाणी निवांत असते.

बंदराजवळच्या एका बेकरीत मला हवे होते ते ऐकायला मिळाले. नॉर्वेत केकला सामान्यतः ‘काके’ म्हणतात. तेथे बसलेल्या एका वृद्ध बाई मात्र ‘कागे’ म्हणाल्या. ‘गाते’ म्हणजे रस्ता; त्यांच्या तोंडी तो ‘गादे’ होता. ‘बोत’ म्हणजे होडी. ती ‘बोद’ झाली होती. स्वरानंतर येणारे क, त, प या पट्ट्यातील पारंपरिक बोलींत ग, द, ब होतात. नॉर्वेजियन अभ्यासक त्यांना ‘मऊ व्यंजने’ म्हणतात. आपल्या व्याकरणातील कठोर व मृदू व्यंजनांची विभागणी आपण शिकला आहात. हजारो मैलांवर, त्याच अर्थाची संज्ञा ऐकून मला मौज वाटली.

ही प्रक्रिया आपल्याला परकी नाही. संस्कृतातील ‘घट’ प्राकृतांतून मराठीत येताना ‘घडा’ झाला, ‘वट’चा ‘वड’ झाला आणि ‘घोटक’चा ‘घोडा’. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला अघोष ‘ट’ शेजारच्या स्वरांचा घोष उचलून ‘ड’ होतो. उच्चार सुलभ होण्याची ही वाट जगातील अनेक भाषांनी स्वतंत्रपणे चोखाळली आहे. या बदलाला आपल्याकडे पूर्वी ‘अपभ्रंश’, म्हणजे भ्रष्ट होणे, असे म्हटले गेले. परंतु ‘घडा’ आणि ‘वड’ हे शब्द भ्रष्ट आहेत, असे आज कोणता मराठी माणूस म्हणेल?

ग्रिमस्टाडच्या बोलीची कहाणी याहून उद्बोधक आहे. नॉर्वे चार शतकांहून अधिक काळ डेन्मार्कशी जोडलेला होता. 1814 मध्ये तो संबंध तुटला, तरी लेखनाची भाषा पुष्कळ काळ डॅनिशच राहिली. डॅनिश लेखनात केकच्या शब्दात ‘ग’ होता आणि रस्त्याच्या शब्दात ‘द’. म्हणजे देशातील बहुसंख्य लोक जे बोलत, ते पुस्तकाशी जुळत नव्हते. या चिंचोळ्या किनारपट्टीचे बोलणे मात्र त्या अक्षरांपुरते पुस्तकाशी जुळत होते. पुढे 1907 साली लेखनसुधारणा झाली आणि अशा शब्दांत क, त, प ही कठोर व्यंजने लिहिली जाऊ लागली. जे उच्चार काल पुस्तकाला धरून होते, ते आज पुस्तकाबाहेर गेले. ग्रिमस्टाडच्या माणसांची जीभ होती तशीच होती; बदलला तो नियम.

आपल्याकडेही असे घडले आहे. ‘नांव’, ‘पांच’, ‘कोठें’ असे अनुस्वार एकेकाळी शुद्ध लेखनाची खूण होते. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले आणि तेच लेखन जुने ठरले. शब्द तेच, अर्थ तोच, निर्णय नवा.

इब्सेन या गावी आला तो 1844 च्या जानेवारीत, वयाची सोळा वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी. शेन या गावी वडिलांचा व्यापार बुडाला होता. मुलगा येथे औषधांच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि सहा वर्षे राहिला. ते दुकान आता संग्रहालय आहे. तेथे उभे असताना मला आपली आठवण होणे स्वाभाविक होते. कारण हा तरुण दिवसा औषधे तयार करी आणि रात्री विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करी. लॅटिनसाठी सॅलस्ट आणि सिसेरो वाचताना त्यांनी दोषी ठरवलेला कॅटिलिन हा बंडखोर त्याच्या मनात वेगळाच उभा राहिला आणि ‘कॅटिलिना’ हे त्याचे पहिले नाटक, बहुतांशी रात्रीच्या वेळी, लिहून झाले. 1850 मध्ये ते टोपणनावाने छापले गेले. खर्च एका मित्राने केला. त्याच वर्षी परीक्षाही झाली आणि ग्रीक व अंकगणित या विषयांत इब्सेन अनुत्तीर्ण झाला. त्याला विद्यापीठात रीतसर प्रवेश मिळाला नाही. पुढे 1879 मध्ये त्याने लिहिलेले ‘अ डॉल्स हाउस’ अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’मधून मराठीत आले, हे नाटकाच्या अभ्यासक म्हणून आपल्याला ठाऊक असेल.

यावरून नियम आणि परीक्षा निरर्थक आहेत, असा निष्कर्ष कृपया काढू नये. विस्तीर्ण समाजाला एकमेकांचे लेखन वाचता यावे, यासाठी प्रमाणलेखन हवेच आणि ते आपण कसोशीने शिकले पाहिजे. परंतु नियम हा माणसांनी सोयीसाठी केलेला करार असतो. तो पाळावा, त्यावरून स्वतःची किंवा दुसऱ्याची किंमत ठरवू नये. नॉर्वेत आज लेखनाची बोकमोल व निनॉर्स्क ही दोन अधिकृत प्रमाणे आहेत, बोलण्याचे एकच प्रमाण मात्र कोणी ठरवून दिलेले नाही. मुलांना शक्यतो त्यांच्याच बोलभाषेतून शिकवावे, असा ठराव तेथील संसदेने 1878 मध्येच केला होता.

संपर्कसत्रांत मी दरवर्षी पाहतो की, काही विद्यार्थी चर्चेच्या वेळी गप्प बसतात. शंका असते, उत्तरही माहीत असते; पण ‘माझे बोलणे शुद्ध नाही’ या संकोचाने ओठ उघडत नाहीत. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी किंवा आपल्या गावची जी बोली आपण घरी बोलता, तिच्यातील ध्वनींनाही नियम आहेत, इतिहास आहे. पुढील सत्रापूर्वी आपल्या बोलीतील असे दहा शब्द टिपून ठेवा, ज्यांचा उच्चार पाठ्यपुस्तकाहून वेगळा आहे. कोणता ध्वनी कोठे बदलतो, ते शोधा. आणि सत्रात ते शब्द वाचून दाखवताना त्यांचा उच्चार घरी करता तसाच करा.