पन्नास सायकल

अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाला जा. हॉल शाळेचा, मोदक फ्रोजन, पार्किंग तीन ब्लॉक लांब. पण स्पीकरवर 'अष्टविनायक'मधली आठ गणपतींची यात्रा लागलेली असणारच. ते चित्रपटातलं गाणं आहे हे निम्म्या मंडळींना ठाऊक नसतं. आमच्या कन्येला तर ती आरतीच वाटत होती. जगदीश खेबुडकरांना याहून मोठं प्रशस्तिपत्र ते कुठलं!

'अष्टविनायक' १९७९ सालचा. निर्माते शरद पिळगांवकर, दिग्दर्शन राजदत्त यांचं, संगीत अनिल-अरुण यांचं, आणि नायक निर्मात्यांचेच चिरंजीव सचिन, वय एकवीस-बावीस. घरचाच चित्रपट, त्यात काय विशेष, असं कोणी म्हणेल. पण आधीचा हिशेब पाहा. राजा परांजपे यांच्या 'हा माझा मार्ग एकला'त काम केलं तेव्हा हे बाळ शाळेतही जात नसेल. 'शोले' लागला १५ ऑगस्ट १९७५ ला. त्यातला अहमद म्हणजे सचिन, दोन दिवसांनी अठराचा झाला. त्याच वर्षी राजश्रीचा 'गीत गाता चल', मग 'बालिका बधू', 'अंखियों के झरोखों से'. हिंदीत असा जम बसलेला असताना मराठीत यायचं, आणि तेही देव न मानणारा तरुण रंगवायला! पुढे १९८२ मध्ये एकीकडे 'नदिया के पार'चा नायक आणि दुसरीकडे 'मायबाप'चा दिग्दर्शक. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) बद्दल आम्ही काय सांगावं, ती प्रत्येकाला पाठ असते.

आमच्या आईचं यावर एका वाक्याचं समीक्षण आहे. "गेला, पण येऊन-जाऊन राहिला." हे ती आमच्याकडे न बघता म्हणते. आम्ही एम.एस. करायला म्हणून आलो त्याला वीस वर्षं होऊन गेली, त्यामुळे आम्हीही तिच्याकडे न बघता ऐकतो.

बाबा गेल्यावर ठाण्याच्या घरात ती एकटी. या खेपेस तिने इथेच राहावं असा आमचा आणि सौ.चा आग्रह. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन आली. एका बॅगेत चादरींत गुंडाळलेला बाबांचा रेकॉर्ड प्लेअर! 'अष्टविनायक'ची तबकडी तिने विमानात मांडीवरच धरली होती.

आता इथे थोडं इंजिनिअरिंग आलंच. भारतातली वीज २३० व्होल्टची, इथली १२०. त्याला ट्रान्सफॉर्मर मिळतो. पण तिकडची वीज सेकंदाला ५० सायकलची आणि इथली ६०, ती ट्रान्सफॉर्मरने बदलत नाही. जुन्या प्लेअरची मोटर या सायकलींच्या तालावर फिरते, म्हणजे इथे ती वीस टक्के जोरात पळणार. ३३⅓ फेऱ्यांच्या जागी ४०, पंचेचाळीसच्या जागी ५४. काळी एकमधलं गाणं पांढरी तीनच्याही वर जाणार. हे सगळं आम्ही आईला आधीच समजावलं. ती म्हणाली, "असू दे, लाव."

लावली. अनुराधा पौडवाल यांच्या जोडीला वसंतराव देशपांडे! वसंतरावांचा तो दाणेदार आवाज शाळकरी पोराचा झालेला. कन्या खो खो हसली. आई हसली नाही. "यांना सवय होती माझ्याबरोबर सावकाश ऐकायची," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मोटरच्या दांड्यावरची पुली सहास पाच या प्रमाणात बारीक केली की हिशेब जुळतो. लेथ असलेल्या एका मित्राने शनिवारी पितळेची नवी पुली कातून दिली. परीक्षा आईनेच घेतली: फिरत्या थाळीवर कागदाचा कपटा चिकटवला, सौ.ने घड्याळ धरलं. तीन मिनिटांत शंभर फेऱ्या व्हायला हव्यात. जुन्या पुलीवर एकशेवीस भरल्या होत्या. आईने जपमाळ ओढल्यासारखं मोजलं. शंभर!

त्या रात्री वसंतराव आपल्या पट्टीत गायले. मग ओघाने 'कट्यार काळजात घुसली' निघालं. रंगभूमीवर १९६७ साली वसंतरावांनी उभे केलेले खाँसाहेब २०१५ च्या चित्रपटात केले कोणी? सचिननेच. गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. आणि सदाशिवसाठी गाऊन राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे महेश काळे तर आपल्या कॅलिफोर्नियात शिष्य घडवतात. १९७९ च्या तबकडीतल्या नायकाने छत्तीस वर्षांनी त्याच तबकडीतल्या गायकाची भूमिका करावी, हे कन्येलाही पटकन कळलं. तिने सलग चार प्रश्न विचारले, मराठीतून. आईने तिला मोरगावपासून एकेक गणपती सांगायला घेतला. पालीपर्यंत जागी होती.

परतीचं तिकीट डिसेंबरचं आहे. ते रद्द करायचं का, हे आम्ही अजून विचारलेलं नाही. काढलेली जुनी पुली मात्र आम्ही कचऱ्यात टाकत होतो, तर आईने हातातून घेतली, रुमालाच्या टोकाला गाठ मारून बॅगेच्या कप्प्यात ठेवली. म्हणाली, "राहू दे. तिकडे लागेल."