अर्धा शिंपला

दिवाळीची साफसफाई म्हणजे अडगळ बाहेर काढणे, असे आमच्या घरात मानतात. माझ्या हातून मात्र तीच अडगळ पुन्हा आत येते. गेल्या दिवाळीत टेबलाचा खण आवरायला बसलो आणि एका अर्ध्या शिंपल्यापाशी तासभर अडकलो.

शिंपला तसा साधा. पाठीवर कौलारू छपरासारख्या ठसठशीत धारा. पण आतून पाहावा! सरळ बिजागरीवर फणीसारखे बारीक दात ओळीने बसवलेले. जोडीदाराचे दात त्यांत नेमके बसतात; परक्याचे सहसा बसत नाहीत. लहानपणी भाट्याच्या वाळूत अक्काला नि मला ही जोडी सापडली होती. दोघांनाही ती हवी! शेवटी आईने एकेकाच्या हाती एकेक शिंप ठेवून भांडण मिटवले.

उत्सुकतेने प्राणिशास्त्राचे पुस्तक उघडले. लिनियसने १७५८ मध्ये या कुळातल्या शिंपल्यांना 'आर्का', म्हणजे पेटी, हे नाव दिले. यांतल्या काही जातींचे रक्त आपल्यासारखेच लाल असते. बहुतेक शिंपल्यांत हिमोग्लोबिन नसते; यांच्यात असते, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या चिखलातही ते तग धरतात. पण मला खरे नवल वाटले ते पुढचे वाचून. बिजागरीजवळचा लवचिक बंध शिंपला सतत उघडू पाहत असतो. आतले स्नायू त्याला ओढून मिटलेला ठेवतात. म्हणजे सारे बळ लागते ते मिटून राहायला!

मी पुस्तक बाजूला ठेवले. आईच्या माघारी घराच्या वाटणीवरून अक्काशी बिनसले, त्याला पाच वर्षे झाली होती. पाचही भाऊबिजांना मला काही ना काही 'काम' निघाले होते. दरवर्षी नवे काम शोधताना किती शिणलो होतो, ते मलाच ठाऊक!

त्या भाऊबिजेला न कळवताच गेलो. दार उघडून अक्का क्षणभर पाहत राहिली.

"आलास? हातपाय धू. पाट मांडते."

ओवाळून झाल्यावर तबकात ओवाळणीबरोबर मी माझी शिंप ठेवली. ती काही बोलली नाही. उठून आत गेली आणि फडताळातून आपली घेऊन आली. दोन्ही जुळवून पाहिल्या. तिच्या शिंपेचा काठाशी टवका उडाला होता. दात मात्र बसले.

"वाटणीचं उद्या बोलू," अक्का म्हणाली, "आधी करंजी खा."