लेट मार्कची भरपाई कोण देणार?

दहिसर म्हणजे पश्चिम रेल्वेवरचं मुंबईच्या हद्दीतलं शेवटचं स्टेशन. इथे सकाळची लोकल विरारहूनच भरून येते. त्यात ती लेट! बऱ्याच ऑफिसांत तीन लेट मार्क म्हणजे अर्धी रजा गेली.

गंमत बघा, दहिसरला न थांबता जाणारी अहमदाबाद-मुंबई तेजस एक्स्प्रेस तासाहून जास्त रखडली, की प्रवाशाला १०० रुपये मिळायचे, दोन तासांवर २५०. फेब्रुवारी २०२४मध्ये तेही बंद झालं. ब्रिटनमध्ये तर पासवालेही उशिराची भरपाई मागतात. आपला पास भाड्यात घसघशीत सवलत देतो, वेळेची हमी नाही. तरी १३९वर तक्रार कराच. पैसे नाही, पण बॉसला दाखवायला तक्रारीचा नंबर तरी मिळेल!