निळ्या दाताचे नेट

दहाव्या शतकात डेन्मार्कात हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला. लोक त्याला 'निळा दात' म्हणत. विखुरलेली माणसे त्याने एका राज्यात जोडली, म्हणून १९९०च्या दशकात बिनतारी जोडणीला त्याचेच नाव मिळाले, ब्लूटूथ. राजाचे राज्य कुठवर होते ते असो. त्याच्या नावाचे नेट मात्र जालना जिल्ह्यात, परतूरजवळच्या आमच्या घरी, माजघर ओलांडत नाही. पल्ला म्हणे दहा मीटर! मध्ये दोन हात जाड मातीची भिंत आहे, हे त्याला कोणी सांगायचे?

आईकडे मोठ्या पडद्याचा टॅब आहे, सिम नाही. वीज गेली की बॅटरी वाचावी म्हणून मी हॉटस्पॉटऐवजी ब्लूटूथने नेट देतो. जोडी जमली तरी इंटरनेटची परवानगी वेगळी द्यावी लागते. बरोबरच आहे, लग्न लागले म्हणून पासबुक हाती येते थोडेच! वेग कागदावर सेकंदाला ३ मेगाबिट, हातात त्याहून कमी. थेट आमची पगाराची स्लिप. आईची पुण्यातली नात बोलते आज, ओठ हलतात उद्या. त्यात भाच्याने आपलाही मोबाइल जोडला की काउंटर एकच आणि रांगेत आणखी एक गिऱ्हाईक!

परवा बोलणे चालू असताना मी चहासाठी उठलो, तर नात नाकापर्यंत येऊन थांबली.

"बस रे हितंच," आई म्हणाली.

बोलणे संपले. टॅब मिटून तिने बाजूला ठेवला. मी पुन्हा उठू लागलो.

"बस की जरा," आई म्हणाली, "नेट जातंय."