गॅलरीतल्या सुऱ्या आणि हिंसादान



‘तुमच्या घरात सुऱ्या बनतात म्हणे!’ असं मंदिराच्या पायरीवर, भिशीत, अगदी लिफ्टमध्येसुद्धा मला विचारलं जातं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आमचे हे निवृत्तीनंतर गॅलरीत स्वयंपाकाच्या सुऱ्या बनवतात. फ्लॅटमध्ये भट्टी, ऐरण, घण यातलं काही चालत नाही, आणि त्यांचं अडतही नाही. कार्बन स्टीलची अडीच-तीन मिलिमीटर जाडीची पट्टी आणायची, तिच्यावर आकार आखायचा, हॅकसॉनं कापायचा. बाकी सगळं काम कानशीचं. टेबलाला व्हाईस बसवलाय आणि टेबलाखाली जाड रबर घातलंय, म्हणजे खालच्या मजल्याला हादरा जात नाही. कानस कर्कश वाजते, म्हणून काम सकाळी दहा ते बारा एवढंच. लोखंडाचा कीस उडून खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडला तर गंजाचे डाग पडतात. म्हणून खाली ओलं वर्तमानपत्र पसरायचं आणि शेवटी लोहचुंबक फिरवायचं.

पातं कडक करायला ते सुमारे 800 अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवावं लागतं. त्यावेळी तेल भडकू शकतं, तेव्हा हे गॅलरीतलं काम नव्हेच. त्यासाठी पाती उद्यमनगरात हीट ट्रीटमेंटला जातात. तिथंच ती पुन्हा 200 अंशांच्या आसपास तापवून घेतात, नाहीतर पातं ठिसूळ राहतं आणि हातातून पडलं की तुकडा उडतो. परत आलं की मूठ आणि धार घरी.

आता खरा प्रश्न. मी श्रावकाची बारा व्रतं घेतली आहेत. आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “अगं, अनर्थदंडाचं व्रत घेतलंस आणि घरात हत्यारं बनवून घेतेस?”

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या असे अनर्थदंडाचे पाच प्रकार. त्यातलं हिंसादान म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं. मी समंतभद्राचार्यांचं रत्नकरंडक श्रावकाचार काढून पुन्हा वाचलं. तिथं तलवारीबरोबर कुऱ्हाड, कुदळ आणि अग्नीही आहे. म्हणजे रोजच्या संसारातल्या वस्तूसुद्धा. आदिनाथ भगवंतांनी शिकवलेल्या षट्कर्मांत तर असि आहे आणि शिल्पही आहे. मला उमगलं ते असं, की जपायचं ते वस्तू कुणाच्या हाती जाते तिथं.

घरात सुरी लागतेच. स्वयंपाकाची हिंसा आरंभी, ती गृहस्थाला पूर्ण सुटत नाही, पण कमी करता येते. मारवाडी मैत्रिणी भाजी ‘सुधारतात’, गुजराती मैत्रिणी ‘समारतात’. कापणं हा शब्दसुद्धा त्या टाळतात, तो उगाच नव्हे. बोथट सुरीनं वांगं दाबून चिरलं तर आतली अळी चिरडते. धारदार पात्यानं साल अलगद उघडते, अळी दिसते आणि जिवंत बाजूला ठेवता येते. ह्यांच्या सुरीचा मला झालेला सर्वांत मोठा उपयोग हाच.

तरी काही नियम घातले. मूठ शिसवीची, शिंग किंवा हाडाची नाही. धारेवर शेवटचा हात फिरवायला चामड्याऐवजी जुन्या जीन्सचा तुकडा. पॉलिशच्या काही वड्यांत प्राण्यांची चरबी असते, म्हणून विचारून घ्यायचं. सूर्यास्तानंतर काम नाही, दिव्यावर किडे येतात. आकार भाजी-फळांच्या सुरीचाच. खंजीर, कट्यार नाही. शस्त्र नियमांतही घरगुती वापराची पाती वेगळी धरली आहेत आणि इतर पात्यांना 9 इंच लांबी, 2 इंच रुंदीची मर्यादा आहे. आमची सुरी सहा इंचांच्या वर जात नाही.

सगळ्यांत अवघड नियम देण्याचा. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी लेकाच्या नव्या घरासाठी एक मोठी सुरी मागितली. माणसं सोन्यासारखी. मी आजारी होते तेव्हा आमच्यासाठी त्यांनी कांदा-लसूण वगळून डबे पाठवले होते. पण त्यांच्याकडे मासे होतात. ह्यांनी आकार आखायलाही घेतला होता. मी नको म्हटलं. “मासा बाजारातच मेलेला असतो, आणि आपण काय लोकांच्या ताटात डोकावायचं?” हे म्हणाले. दोन दिवस जेवताना आम्ही फारसे बोललो नाही. पण कृत, कारित आणि अनुमोदना या तिन्हींचा विचार करायला आपल्याला शिकवलंय. सुरी दिल्यावर मी त्यातून सुटत नाही.

शेवटी मीच वर गेले. म्हटलं, “वहिनी, तुमच्या जेवणाला मी नावं ठेवत नाही. हे माझं व्रत आहे, माझ्यापुरतं.” त्या थोड्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या डब्यात मी कांदा घातला नव्हता ना? मग हेही समजतं मला.”

मग त्यांना काय द्यावं? खुरपं म्हटलं तर तेही कुदळीचंच भावंड! ह्यांनी शिसवीच्या फळीवर त्याच पट्टीचे आकडे बसवून किल्ल्या अडकवायची खुंटी करून दिली. ती आता त्यांच्या लेकाच्या नव्या घरी दाराजवळ आहे.

आतापर्यंत अकरा सुऱ्या झाल्या. कोणती कुठं गेली, हे मी वहीत लिहून ठेवते. जाऊबाईंचं पूर्ण समाधान झालेलं नाही. पण परवा त्यांनीच विचारलं, “मला एक होईल का गं, वांग्यांसाठी?” बारावी त्यांची.

जय जिनेंद्र.