टोपी आणि मुकुट

दुधाचे दात हे माणसाच्या तोंडातले पाहुणे. वीस येतात, काही वर्षे राहतात आणि एकेक करून निरोप घेतात. पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकण्याची रीत आपल्याकडे होती. जाणाऱ्याचा शोक करू नये, असाच भाव तिच्यात असावा. म्हणूनच की काय, या दातांना कीड लागली, तर ‘पडणारच आहेत’ एवढे म्हणून आपण त्यांची बोळवण करतो.

माझी नात सहा वर्षांची असताना तिची खालची दाढ किडली. घास अडकला, की ती गाल धरून बसे. भाकरीचा कडक पापुद्रा बाजूला सारी. दंतवैद्यांनी पोलादी टोपी सुचवली. इंग्रजीत तिला मुकुट म्हणतात. मराठीने त्याची टोपी केली. आणि ‘टोपी घालणे’ याचा आपल्याकडील अर्थ ठाऊक असल्यामुळे माझा मुलगा साशंक झाला. पडणाऱ्या दातावर खर्च कशाला? सूनबाईंचे दुःख निराळे होते. मूल हसले, की ती टोपी चकाकणार आणि चारचौघे आईलाच विचारणार. पांढरी टोपीही मिळते. पण ती महाग, आणि तिच्यासाठी दाढ अधिक कोरावी लागते.

दंतवैद्यांनी समजावले, की ही दाढ दहा-अकराव्या वर्षापर्यंत राहायची; तोवर ती खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा राखते. अकाली गेली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात. कीड नसेपर्यंत पोहोचलेली नव्हती, म्हणून त्यांनी स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंची रीत अवलंबली : सुई नाही, कोरणे नाही, कीड आत कोंडून वर टोपी बसवायची. बाहेरचे अन्न तुटले, की तिची वाढ खुंटते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तिकडील चाचणीत १३२ मुलांच्या दाढांवर ही रीत आणि नेहमीची भरणी ताडून पाहिली होती. पसंती सांगणाऱ्यांपैकी ७७ टक्के मुलांनी आणि ८३ टक्के पालकांनी टोपीलाच कौल दिला.

नातीला आकड्यांचे काय! काही दिवस दाढ उंच लागली, मग जबड्याने आपणच जुळवून घेतले. आरशासमोर तोंड वासून ती म्हणाली, “आजोबा, माझी एक दाढ चांदीची!” शाळेत ती मैत्रिणींना मिरवून दाखवू लागली.

सूनबाईंना मात्र ती चकाकी पुष्कळ दिवस खुपत होती. आईबापांचे समाधान लोकांच्या नजरेवरून फिरून येते, म्हणून त्याला उशीर लागतो. मुलाचे समाधान घासासरशी येते. एका संध्याकाळी नातीने भाकरीचा पापुद्रा आपण होऊन मागून घेतला आणि दोन्ही बाजूंनी कुरकुर चावला. सूनबाईंनी न बोलता दुसरी भाकरी तव्यावर टाकली, ती जरा जास्तच कडक भाजली.