गाडीखाली जो आहे, त्याची भाषा

मारुती ८००चा क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो. क्लच असतो इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये, दोन भाकऱ्यांमध्ये खर्डा ठेवावा तसा. एक भाकरी उचलल्याशिवाय खर्ड्याला हात लागत नाही.

आमची गाडी १९९७ची. चोर्ला घाटात चढ लागला की इंजिनाचा आवाज वाढायचा आणि गाडी मात्र होती त्याच वेगाने कुंथत राहायची. पाठोपाठ जळका वास. क्लच घसरू लागल्याचे हे पक्के लक्षण. शिवाय न्यूट्रलमध्ये उभी असताना घूंऽ असा आवाज यायचा आणि क्लचचे पायडल दाबले की थांबायचा. अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शेजारच्या सीटवर बसून दोनदा तो आवाज ऐकला आणि सांगितले, गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेले बेअरिंगही गेले आहे. पायडल दाबल्यावर आवाज सुरू झाला असता तर दोष क्लचच्या बेअरिंगचा. अप्पांची सगळी नोकरी बस डेपोत मेकॅनिक म्हणून झाली, तेव्हा वाद घालायचा प्रश्न नव्हता.

गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, एवढा खर्च करण्यापेक्षा विकून टाका. यजमानांचेही मत तेच. पंधरा वर्षे उलटल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करायची, फिटनेस दाखवायचा, हा त्रास कशाला? पण अप्पांनी ही गाडी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतून पाने काढून रॉकेलमध्ये भिजत घातले, त्यावरून आम्ही काय ते समजलो.

अडचण एवढीच की अप्पांचे गुडघे गेलेले. गाडीखाली जाणे त्यांना शक्य नाही. तेव्हा डोके अप्पांचे आणि हात माझ्या धाकट्या भावाचे, असे ठरले. भाऊ चंदगडचा. ट्रॅक्टरची कामे स्वतः करणारा, पण कन्नड त्याला बाजारापुरते येते. अप्पांना मराठी सगळे समजते, मात्र घाई झाली की तोंडून कन्नडच बाहेर पडते. माझ्या लग्नापासून हे दोघे एकमेकांशी "जेवलात का"च्या पुढे फारसे गेले नव्हते. जॅकच्या दांड्यावर आणि मधल्या दुभाष्याच्या जागेवर मी.

हे काम घरी करताना अवघड काय असते, तर बोल्ट नव्हेत. अवघड आहे ते वजन. बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी सोडायची, कारण स्टार्टरच्या जाड वायरीत वीज कायम असते. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे. पुढची बाजू उचलली की गाडी स्टँडवर टेकवायची. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. काढलेली चाकेही अप्पांनी दारांखालच्या कडेला आडवी सरकवून ठेवायला लावली, म्हणजे स्टँड सुटलाच तर गाडी चाकांवर बसेल, माणसावर नाही. सासूबाईंनी तरीही देवापुढे दिवा लावला, ते सोडा.

मग गिअर ऑइल काढले. त्यात थोडी चकाकी होती, लोखंडाचे कण. क्लचची आणि स्पीडोमीटरची केबल, स्टार्टर, गिअरचा दांडा सुटले. खालचा आर्म मोकळा करून चाकाकडे जाणारे दोन शाफ्ट पहारीने हळूच उचकटून बाहेर ओढले. प्रत्येक बोल्ट भावाने पुठ्ठ्यावर गाडीचे चित्र काढून त्या त्या जागी खोचला. ही युक्ती मला फार आवडली, कारण सगळे बोल्ट दिसायला सारखे आणि लांबीला वेगळे.

गिअरबॉक्स सुटला की त्या बाजूचे इंजिन लटकते, म्हणून इंजिनाच्या तळाशी लाकडी फळी देऊन दुसरा जॅक लावायचा होता. फळी हवीच, नाहीतर तेलाच्या पत्र्याच्या टाकीला पोचा येतो. भाऊ एका हाताने फळी सरळ करत होता. फरशीवर ऑइल सांडलेले, त्यावरून जॅकचा पाय सरकू लागला. अप्पा ओरडले, "कै तेगी!"

हात काढ, असे ते म्हणत होते. भावाच्या कानावर पडले "काय". त्याने हात होता तिथेच ठेवून खालून विचारले, "काय?"

फळी तिरकी होऊन त्याच्या बोटांशेजारी फरशीवर आदळली. इंजिनाचे माउंटिंग अजून सोडले नव्हते म्हणून वरचे काही हलले नाही. ते सुटलेले असते तर सबंध इंजिनाचा भार त्या बोटांवर आला असता.

अप्पांनी काम थांबवले. भावाला बाहेर बोलावले, चहा मागवला. कप रिकामा होईपर्यंत कोणी बोलले नाही. मग ते खडू घेऊन उठले आणि भिंतीवर मराठीत लिहिले : थांब. हात काढ. वर. खाली. मी म्हटले, अप्पा, तोही कन्नड शिकेल, चारच तर शब्द आहेत. तर म्हणाले, "बेड. गाडीखाली जो आहे, त्याची भाषा." पाचवा शब्द लिहावा लागला नाही. 'सावकाश' आपल्याकडे दोन्ही भाषांत सावकाशच आहे.

सीमाप्रश्नावर माझे वडील आणि अप्पा यांचे कधी जमले नाही, लग्नाच्या बैठकीतसुद्धा विषय निघून वातावरण तापले होते. त्या अप्पांना भिंतीकडे बघत एकेक मराठी शब्द पुटपुटताना मी पाहिले.

दुपारनंतर माउंटिंग आणि जोडाचे बोल्ट निघाले. वरचे दोन फार छळतात, पान्याला जागाच नसते. गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा, मध्येच लोंबू द्यायचा नाही, कारण त्याचा पुढचा शाफ्ट क्लचप्लेटच्या दातेरी भोकात असतो आणि वजन प्लेटवर आले की ती वाकते. अप्पा आरामखुर्चीतून म्हणत होते, "सावकाश, सावकाश... थांब. खाली." बसच्या गिअरबॉक्सपुढे हे खेळणेच, पण झोपून छातीवर घेताना ते कळत नाही. शेवटी पोत्यावर उतरला.

प्लेट पाहिली तर अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलेले. फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग होते, पण चरे पडलेले नव्हते. गिअरबॉक्स उघडून बेअरिंग बसवण्याचे काम मात्र अप्पांनी स्वतः केले, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून. त्याला दोन दिवस लागले. शाफ्टचे ऑइल सीलही नवे घातले. जुने सील परत घालून पुन्हा गाडी उतरवण्यासारखा वेडेपणा नाही, असे त्यांचे म्हणणे. चढवताना क्लचप्लेट बरोबर मध्यावर हवी, नाहीतर शाफ्ट आत जातच नाही. त्यासाठी भावाने उद्यमबागेतल्या एका लेथवर सागाचा खुंटा मापाने कातून आणला होता. गिअरबॉक्स तिसऱ्या प्रयत्नात टक् करून बसला.

गाडी सुरू झाली. घूंऽ गेले होते. आम्ही फेरी मारून आलो तेव्हा स्पीडोमीटरचा काटा मात्र शून्यावरच होता, केबलचे टोक नीट बसले नव्हते. भाऊ पुन्हा खाली सरपटायला निघाला, तर अप्पांनी बॉनेट उघडले, वरून हात घातला आणि म्हणाले, "तम्मा, थांब."